रामेनचं मीठ वाडग्यात असतं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: रामेन, म्हणजे जपानी नूडल्सचं सूप, करायला म्हणून कोंबडीची हाडं चार तास उकळली, त्यात आलं, लसूण आणि मीठ घातलं, शेवटी सोया सॉस ओतला, पाकिटातल्या नूडल्स त्याच पातेल्यात शिजवल्या आणि वर अर्धं अंडं ठेवलं. एवढं करून घरच्यांना ते पातळ मंचाव सूपसारखं लागलं आणि तिसऱ्या घासापर्यंत नूडल्सचा गिचका झाला. मीठ वाढवलं तर नुसतं खारट झालं. शिवाय गॅस फार जळतो म्हणून कुकर चालेल का, घरात पोर्क चालत नाही त्याचं काय, शाकाहारी सासूबाईंना काय द्यायचं आणि नूडल्स घरी करण्यात काही अर्थ आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

मी तोक्योत अकरा खुर्च्यांच्या एका रामेनच्या दुकानात सात वर्षं काम केलं. पहिलं दीड वर्ष कांद्याची पात चिरण्यात, भांडी घासण्यात आणि हाडं धुण्यात गेलं, सूपच्या पातेल्याला हात लावायची परवानगी त्यानंतर मिळाली. आता पुण्यात घरीच छोटे वर्ग घेतो. तिथे येणाऱ्या बहुतेकांची चूक तुमचीच असते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

हाडं बरोबर होती, चार तासही बरोबर होते. चुकलं ते हे, की सगळं एकाच पातेल्यात झालं. आपला हात आमटी-रश्श्यावर तयार झालेला असतो. मीठ पातेल्यात पडतं आणि पळीभर चाखून बेतलं जातं. रामेनच्या दुकानातल्या मोठ्या पातेल्यात मात्र मिठाचा कणही नसतो. ते सूप मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा हाडांचं गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं होतं. चव वाडग्यात येते. वाडग्याच्या तळाशी आधी तारे पडतं, म्हणजे खारट, दाट, चवीचा अर्क. मग चमचाभर सुगंधी तेल, मग उकळतं बिनमिठाचं सूप, मग वेगळ्या पाण्यात शिजवलेल्या नूडल्स आणि सगळ्यात शेवटी वरचा साज. मिसळवाला उसळ, कट, तर्री आणि फरसाण वेगवेगळं ठेवून गिऱ्हाईक बसल्यावर ताटली भरतो, तसंच हे. फरसाण आधीच कटात भिजवून ठेवणाऱ्याकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही.

मीठ वेगळं ठेवण्यामागे कारणं आहेत. दुकानात पातेलं दिवसभर मंद आचेवर असतं आणि सूप आटत जातं. त्यात मीठ असतं तर दुपारचं रामेन ठीक आणि रात्रीचं खारट निघालं असतं. एकाच सूपवर तीन निरनिराळी तारे घालून तीन प्रकारची रामेन देता येतात: शिओ म्हणजे मिठाची, शोयू म्हणजे सोया सॉसची आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मीठ मोजता येतं. रामेनच्या वाडग्यात मिठाचं प्रमाण साधारण दीड टक्का असतं, आपल्या पातळ सूपपेक्षा बरंच जास्त. घरी करणारे इथेच बिचकतात, मीठ जेमतेम घालतात आणि मग पाणचट लागतं. हा खारटपणा नुसता प्यायचा नसतो, तो बेचव नूडल्सबरोबर तोंडात जायचा असतो. सूप तळापर्यंत संपवलंच पाहिजे असंही नाही. जपानमध्येही पुष्कळ लोक ते मागे ठेवतात, आणि रक्तदाबवाल्यांनी तर ठेवावंच.

आता कुठलं रामेन करायचं ते ठरवू. सगळ्यांना तोन्कोत्सु करायची हौस असते, म्हणजे डुकराच्या हाडांचं ते दुधासारखं पांढरं सूप. ते क्यूशू बेटावरचं, कुरुमे आणि हाकाताकडचं. त्यासाठी हाडं दहा-बारा तास खळाखळा उकळावी लागतात आणि तो वास जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत जातो. तुमच्याकडे पोर्क चालत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटला, आणि मला विचाराल तर बरंच झालं. तोक्योच्या जुन्या पद्धतीचं स्वच्छ, तपकिरी शोयू रामेन करा. १९१० साली ओझाकी कान्इची नावाच्या गृहस्थांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतून स्वयंपाकी आणून तोक्योच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' काढलं. तोक्योच्या रामेनचा वंश तिथून सांगितला जातो. आजही तोक्योतल्या पुष्कळ दुकानांत डुकराची हाडं जोडीला असतात, पण निव्वळ कोंबडीवर चालणारी उत्तम दुकानंही आहेत. पोर्क नाही म्हणून तुमचं रामेन दुय्यम ठरत नाही.

आधी सूप. सहा वाडग्यांचा हिशेब देतो. चिकनवाल्याकडून दीड किलो पाठी आणि माना घ्या, बरोबर आठ-दहा पंजे. पंजे पाहून नाक मुरडू नका, सूपचा दाटपणा त्यांच्यातच आहे. त्यांच्या कातडीत आणि कूर्चेत कोलॅजेन असतं, मंद आचेवर त्याचं जिलेटिन होतं आणि सूप ओठांना किंचित चिकटायला लागतं. नखं छाटा आणि वरचा पिवळा पापुद्रा काढून टाका. सगळं थंड पाण्यात घालून एक उकळी आणा, पाच मिनिटांनी ते पाणी फेकून द्या आणि हाडं नळाखाली धुवा. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला लालसर-काळा भाग अंगठ्याने खरवडून काढा. सूपला जो उग्र, रक्ताळ वास येतो तो तिथून येतो. दीड वर्ष हेच केलेला माणूस सांगतोय.

मग अडीच लिटर ताजं पाणी. उकळी येऊ द्या, वर येणारा फेस काढा आणि आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक बुडबुडा दिसेल. चार तास असंच. झाकण अर्धवट ठेवा आणि डाव घालून ढवळू नका. जोरात उकळलं की चरबी आणि पाणी घुसळलं जाऊन सूप गढूळ होतं. शेवटच्या तासात कांद्याच्या पातीचा हिरवा भाग आणि आल्याचे दोन काप घाला. आलं-लसूण सुरुवातीपासून घातलं तर चार तासांत त्याचा सुगंध उडून जातो आणि उकडलेल्या भाजीचा वास उरतो. तुमच्या सूपचं मंचाव होण्यामागे हेही एक कारण होतं. हाडं न दाबता गाळा. दीडेक लिटर मिळेल. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये टाका. पुण्याच्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर राहिलेलं हाडांचं सूप सकाळी खात्रीने आंबलेलं असतं. फ्रिजमधून काढल्यावर ते खरवसासारखं थरथरलं पाहिजे. थरथरलं नाही तर पुढच्या वेळी पंजे वाढवा.

कुकर चालतो. आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे चार तासांचं काम तासाभरात होतं. अडचण आपल्या शिट्टीची आहे. शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो, आतलं पाणी उसळतं आणि सूप ढवळून निघतं. म्हणून कुकर अर्ध्याच्या थोडा वरपर्यंतच भरा, पहिली शिट्टी होऊ घातली की आच अगदी बारीक करा आणि पुढचा तासभर शिट्टी होऊच देऊ नका. नंतर दाब आपोआप उतरू द्या. परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी घाईने चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडली होती. झाकण उघडलं तर काचेसारखं सूप ताकासारखं झालेलं. तुमचंही तसं झालं तर फेकू नका. उरलेली हाडं आणि सूप उघड्या पातेल्यात तासभर आणखी खळाखळा उकळा आणि गाळलेलं सूप हातातल्या ब्लेंडरने घुसळा. त्या दुधाळ सूपला पाइतान म्हणतात. कोंबडीच्या पाइतानवर चालणारी दुकानं तोक्योत जागोजागी आहेत आणि त्यांच्यापुढे रांगा असतात.

इथपर्यंत सूपला अंग आलं. खोली येते ती समुद्रातून. १९०८ साली तोक्योच्या विद्यापीठात इकेदा किकुनाए यांनी कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्याच्या भरीव, तोंडात रेंगाळणाऱ्या चवीला उमामी हे नाव दिलं. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य कोदामा शिंतारो यांनी कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेला कात्सुओ मासा, यातला तसाच दुसरा घटक, इनोसिनेट, शोधला. शाकाहारी घरांच्या कामाचा तिसरा घटक, ग्वानिलेट, वाळवलेल्या शिताके अळंब्यांत असतं, आणि ग्लुटामेटबरोबर यांपैकी एखादं आलं की चव बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढते, हे कुनिनाका आकिरा यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. याचा स्वयंपाकघरातला अर्थ साधा आहे. कोंबडीच्या सूपमध्ये इनोसिनेट आहेच, त्याला जोडीदार हवा. म्हणून तुम्ही एकच परदेशी वस्तू विकत घेणार असाल तर कोम्बू घ्या. ऑनलाइन मिळतं, वाळवलेलं असल्यामुळे वर्षभर टिकतं.

वीस ग्रॅम कोम्बू अर्धा लिटर थंड पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. त्यावर पांढरी भुकटी असते ती बुरशी नव्हे, धुऊन घालवू नका. सकाळी ते पाणी बोट जेमतेम दोन सेकंद ठेवता येईल इतकं, म्हणजे साठेक अंशांपर्यंत तापवा आणि कोम्बू काढून घ्या. उकळलंत तर सूप बुळबुळीत होतं आणि भरतीच्या वेळी खाडीला येतो तसा वास येतो. हे पाणी कोंबडीच्या सूपमध्ये मिसळा, दोन लिटर तयार. घरात कोणाला थायरॉइडचा त्रास असेल तर मात्र कोम्बूत आयोडीन फार असतं हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी एक जादा वाट आहे. तोक्योत कोंबडीच्या सूपला निबोशीची जोड देतात. हे छोटे मासे मिठाच्या पाण्यात आधी उकडून मग वाळवलेले असतात. आपली सुकी मांदेली त्यांच्या नात्यातली, म्हणून मी ती वापरून पाहिली. न उकडता थेट उन्हात वाळवलेली असल्यामुळे तिचा वास फार चढतो, सगळं सूप बाजारच्या दिवशीच्या बंदरासारखं झालं. डोकं आणि पोट काढून, कोरडी भाजून, सहा वाडग्यांना चार-पाचच घातली तेव्हा कुठे जमलं. नवशिक्याने यात पडू नये.

आता तारे. नाव ऐकून अकलेचे तारे आठवतात, पण खरी अक्कल यातच आहे. २०० मिलिलिटर शोयू, ५० मिलिलिटर मिरिन, ८ ग्रॅम मीठ, बोटभर कोम्बूचा तुकडा आणि एक शिताके. मिरिन हे तांदळाचं गोड मद्य. मिळालं नाही तर तेवढीच साधी पांढरी वाइन आणि दोन चमचे साखर घ्या, वाइनही नको असेल तर पाणी आणि साखर. गूळ घालू नका, गूळ लगेच आपलं नाव सांगतो. आधी मिरिन एकटं उकळून त्यातलं मद्य उडवा, मग बाकीचं घालून दहा मिनिटं अगदी मंद तापवा. शोयूला उकळी फुटू देऊ नका, त्याचा वास जळतो. गाळून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतं आणि दुसऱ्या दिवसापासून जास्त चांगलं लागतं. दर वाडग्याला ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यात पावणेपाच-पाच ग्रॅम मीठ असतं, ३०० मिलिलिटर सूपमध्ये मिसळलं की वर सांगितलेला दीड टक्का येतो.

शोयू घेताना बाटलीचं लेबल वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ, फार तर थोडं अल्कोहोल, एवढंच असलं पाहिजे. आपल्याकडे चायनीजसाठी मिळणारा काळा सोया सॉस बहुधा रंगासाठी असतो, त्यात कॅरॅमल आणि व्हिनेगरसुद्धा सापडतं. तुमच्या घरच्यांना मंचाव आठवलं ते बहुतेक या बाटलीमुळेच.

तेलाला लोक क्षुल्लक समजतात आणि तिथेच फसतात. सुगंध तेलात विरघळतो, शिवाय वरचा तेलाचा थर झाकणासारखं काम करून सूप गरम ठेवतो. उत्तरेत साप्पोरोला, जिथे १९५० च्या दशकात मिसो रामेन जन्माला आलं, चरबीचा जाड थर देतात तो हिवाळ्यासाठीच. पाव किलो कोंबडीची कातडी बारीक चिरून अर्धी वाटी पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवा. पाणी उडून जातं आणि सोनेरी तेल सुटतं. शेवटी कांद्याच्या पातीचे चार तुकडे आणि एक ठेचलेली लसूण पाकळी टाका, तांबूस झाली की गाळा. याला चीयू म्हणतात. वाडग्याला एक मोठा चमचा. उरलेली कुरकुरीत कातडी मीठ लावून स्वयंपाक करणाऱ्याने उभ्या उभ्या खायची, हा आमच्या दुकानातला अलिखित नियम होता. तिळाचं तेल घालायचं असेल तर भाजलेल्या तिळाचं घ्या. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही.

नूडल्स घरी कराव्यात का? खरं सांगायचं तर जपानी घरांत रामेन मुळापासून सहसा कोणी करत नाही. आपण पाव घरी भाजत नाही तसं. बहुतेक दुकानंसुद्धा नूडल्स कारखान्यातून आणतात, आमचीही रोज सकाळी लाकडी खोक्यांतून यायची. त्यामुळे विकतच्या वापरण्यात कमीपणा नाही, फक्त योग्य घ्या. रामेनच्या नूडलला रामेनपण देणारी वस्तू म्हणजे कान्सुई, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं खारं पाणी. त्याने पीठ ताठर होतं, नूडल गरम सूपमध्येही दाताला थोडा विरोध करते आणि मैद्यातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. हळदीत चुना मिसळला की कुंकू लाल होतं, त्याच जातीची करामत. पाकिटावर ५००(i) आणि ५०१(i) हे क्रमांक दिसले तर आत कान्सुईचेच क्षार आहेत असं समजा. झटपट नूडल्सच्या पाकिटांवर ते बहुधा असतात, कारण ती चीज मुळात याच घराण्यातली आहे. आंदो मोमोफुकु यांनी १९५८ मध्ये पहिली झटपट नूडल बाजारात आणली ती 'चिकन रामेन'च होती. मसाल्याची पुडी बाजूला ठेवा, वेगळ्या पाण्यात दोन मिनिटांच्या आत उकळा आणि वर सांगितलेलं सूप वापरा. पहिल्या खेपेला मी हेच करायला सांगतो.

तरीही घरी करायच्याच असतील तर चार जणांना ४०० ग्रॅम मैदा, १५५ मिलिलिटर पाणी, ४ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम भाजलेला सोडा. खायचा सोडा तसाच घातलात तर नूडल्सना साबणाचा वास येतो आणि ताठरपणाही येत नाही, हे मी एकदा करून बसलोय. तो स्टीलच्या किंवा काचेच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास तासभर भाजला की पाणी आणि वायू निघून जाऊन त्याचं सोडियम कार्बोनेट होतं. झालं की नाही ते तराजू सांगतो: १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅमच्या आसपास उरले पाहिजेत. अॅल्युमिनियमचं भांडं नको, क्षार त्याला खातो. भाजलेला सोडा ओल्या हाताने हाताळू नका.

तुमच्या मनात पापडखार आला असेल. बरोबर आहे, गोत्र एकच. उडदाच्या पिठाला पापडखार जे देतो तेच कान्सुई गव्हाच्या पिठाला देतं. पण दुकानागणिक पापडखारात काय किती असतं त्याचा भरवसा नाही, म्हणून मोजून काम करायचं तर भाजलेला सोडाच बरा.

सोडा आणि मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून ते थोडं थोडं मैद्यावर शिंपडत बोटांनी फिरवा. पोळीच्या कणकेला १०० ग्रॅम पिठामागे साठ-पासष्ट ग्रॅम पाणी लागतं, इथे चाळीसही नाही. त्यामुळे गोळा होणार नाही, लाडवासाठी भिजवलेल्या रव्यासारखे कण होतील. इथे हमखास हात पाण्याकडे जातो. जाऊ देऊ नका. पिशवीत बांधून तासभर ठेवा, मग पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पायांनी तुडवा. हसू नका, जपानमध्ये उदोन या जाड नूडल्सचं पीठ असंच तुडवतात. नंतर पास्ताच्या यंत्रातून सगळ्यात रुंद फटीतून काढा, घडी घाला, पुन्हा काढा. चार-पाच घड्यांनंतर फाटकी पट्टी गुळगुळीत होते. अर्धा तास विश्रांती देऊन दीड मिलिमीटरपर्यंत पातळ करा, कापा, कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि डब्यात घालून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. ताज्या ताज्या शिजवल्या तर पिठूळ लागतात.

चकलीचा सोऱ्या किंवा शेवयांचं यंत्र चालेल का, हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो. चालत नाही. सोऱ्यातून बाहेर यायला पीठ सैल लागतं, आणि लाटून एका दिशेने ताणल्याशिवाय ग्लुटेनला बळ येत नाही. सोऱ्यातल्या नूडल्स सूपमध्ये पडल्या की मिनिटभरात मान टाकतात.

वरच्या साजाबद्दल फार लिहीत नाही, कारण नवशिके सगळा उत्साह तिथेच खर्च करतात. चिकनच्या मांडीचा बिनहाडाचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधा, थोडं शोयू, साखर आणि पाण्यात पाऊण तास मंद शिजवा, गार झाल्यावर कापा, झाला चाशू. उरलेला रस्सा तितक्याच पाण्यात मिसळून त्यात सोललेली अंडी रात्रभर बुडवा. अंडी उकळत्या पाण्यात सव्वासहा मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. आपली अंडी जपानीपेक्षा लहान असतात, म्हणून तिकडच्या कृतीतली सात मिनिटं इथे जास्त होतात. बलक पातळ राहतो, तेव्हा अंडी ताजी घ्या, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांचं अंडं पूर्ण शिजवा. बारीक चिरलेली कांद्याची पात, नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पापुद्र्याचा, एक तुकडा. कोथिंबीर नको, मका नको (साप्पोरोवाले रागावतील, पण त्यांच्या मिसो रामेनमध्ये तो शोभतो).

सासूबाईंसाठी वेगळं पातेलं लागेल, चिकनच्या सूपवर भाज्या टाकून भागणार नाही. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू आणि सहा शिताके रात्रभर फ्रिजमध्ये. कोम्बू वर सांगितल्याप्रमाणे काढून घ्या, शिताके तशाच ठेवून त्यात तपकिरी रंगावर परतलेला कांदा आणि गाजर घालून अर्धा तास मंद उकळा. ही कोम्बू-शिताकेची जोडी जपानच्या बौद्ध मठांतल्या स्वयंपाकातली, तिथे मासाही चालत नाही. जिलेटिन नसल्यामुळे हे सूप पातळ वाटतं. त्यावर उपाय म्हणजे वाडग्यात एक मोठा चमचा मिसो आणि दोन चमचे भाजलेल्या तिळाचं गुळगुळीत वाटण घ्या आणि सूपमध्ये एक तृतीयांश बिनसाखरेचं सोया दूध मिसळा. दूध घातल्यावर उकळू नका, फाटतं. हे आपोआप तान्तानमेनच्या, म्हणजे तिळाच्या वाटणाच्या तिखट रामेनच्या, वाटेला जातं, आणि थोडं लाल तिखट तेल वर सोडलंत तर सासूबाई पुन्हा मागतील. मिसोचं लेबल मात्र जपून वाचा. काही मिसोत आधीच माशाचा अर्क मिसळलेला असतो, आणि वरून ते पूर्ण शाकाहारी दिसतं.

आता शेवटची चार मिनिटं, ज्यात सगळं कमावता किंवा गमावता येतं. एका शेगडीवर मोठ्या पातेल्यात नुसतं पाणी खळाखळा उकळत ठेवा, मीठ नको. दुसरीवर सूप उकळीच्या उंबरठ्यावर. वाडगे नूडल्सच्या गरम पाण्याने भरून तापवा. थंड चिनी मातीचा वाडगा सूपची सगळी धग पिऊन टाकतो. नूडल्स पाण्यात सोडा. घरच्या असतील तर दीड-दोन मिनिटं. त्या शिजत असताना वाडगा रिकामा करून पुसा, तारे घाला, तेल घाला. नूडल्स व्हायच्या दहा सेकंद आधी सूप ओता. नूडल्स चाळणीत घेऊन दोन-तीन जोरदार झटके द्या. उरलेलं पाणी तुमचं मोजून घातलेलं मीठ पातळ करतं. सूपमध्ये सोडा, चॉपस्टिकने एकदा उचलून दुमडून ठेवा, वर साज. त्यांना सूपच्या पातेल्यात का शिजवायचं नाही हे आता लक्षात आलं असेल: पिठी आणि खार दोन्ही सूपमध्ये उतरतात, सूप खळीसारखं होतं आणि नूडल्स शिजतच राहतात.

सहा वाडगे एकदम काढायला जाऊ नका, दोन-दोन काढा. आणि घरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, की सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबायचं नाही. ज्याच्यासमोर वाडगा आला त्याने लगेच सुरू करायचं, कारण सात-आठ मिनिटांत नूडल्स फुगतात. भुरके मारत खाऊ द्या. भुरक्याबरोबर हवा आत जाते, नूडल तोंडात पोचेपर्यंत खाण्याजोगी निवते आणि सुगंध नाकात चढतो. मुलांना हे शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांना मात्र लागलं. आयुष्यभर आम्हाला आमटीचा भुरका मारल्याबद्दल रागावले होते, ते पहिला वाडगा अर्धा निवल्यावर कुठे तयार झाले.